जपानच्या 'व्हेज' ताटात लपलेला मासा

पत्र: नमस्कार. आम्ही पुण्यात कोथरूडला राहतो. 28 मार्च ते 7 एप्रिल जपानला जायचं ठरलंय. मी, मिस्टर आणि सासू-सासरे. सासूबाई 66 वर्षांच्या, सासरे 71. दोघंही शुद्ध शाकाहारी, अंडंसुद्धा नाही, दूध-दही चालतं. सासूबाईंचे गुडघे दुखतात, सासऱ्यांना बीपीची गोळी चालू आहे. टूरवाल्यांनी दहा रात्रींत टोकियो, हाकोने, ताकायामा, क्योटो, नारा, हिरोशिमा, ओसाका असा कार्यक्रम आखून दिलाय आणि सात दिवसांचा जेआर पास (जपान रेल्वेचा एकरकमी पास) घ्याच म्हणतात. खाण्याचं विचारलं तर 'भात, टोफू, मिसो सूप, सगळं व्हेज मिळतं' एवढंच उत्तर. खरंच इतकं सोपं आहे का? पास घ्यावा का? आणि तिथल्या गरम झऱ्यांत म्हणे कपडे काढून उतरावं लागतं. ते ऐकूनच सासूबाई 'मी नाही बाई' म्हणून मोकळ्या झाल्या. काय करावं?

उत्तर:

ताई, टूरवाल्यांनी सांगितलेल्या तीन पदार्थांपैकी खात्रीचा शाकाहारी म्हणजे फक्त भात. मिसो सूप (आंबवलेल्या सोयाबीनचं) बहुतेक ठिकाणी माशाच्या पाण्यात करतात, आणि गार टोफू पानात येतो तोच वर माशाचा कीस भुरभुरून. म्हणून आधी खाण्याचं बघू. पास, गाड्या, गावं हे त्या मानाने सोपं आहे, आणि त्यातलं निम्मं खाण्यावरूनच ठरेल.

जपानी स्वयंपाक उभा आहे तो 'दाशि'वर. कात्सुओ नावाचा मासा (कोकणात कुपा म्हणतात त्या कुळातला) उकडायचा, धुरावर पुन्हा पुन्हा सुकवायचा, तो लाकडासारखा टणक झाला की सुताराच्या रंध्यासारख्या पात्यावर किसायचा. हा कीस म्हणजे कात्सुओबुशि. एक लिटर पाण्यात 10 ग्रॅम कोम्बु, म्हणजे वाळवलेलं समुद्री शेवाळ, अर्धा तास भिजवतात, पाणी उकळायच्या आत ते काढतात, मग 20-30 ग्रॅम कीस घालून एक-दोन मिनिटांत गाळून घेतात. उरतं ते फिकट सोनेरी, जवळजवळ पारदर्शक पाणी. त्याला आपल्याला ओळखू येईल असा माशाचा वास नसतो, तुकडा तर नसतोच. त्यामुळे वाटीत बघून किंवा चाखून सासूबाईंना काहीही कळणार नाही.

हे पाणी जातं कुठे? मिसो सूपमध्ये, उदोन आणि सोबा या शेवयांच्या रश्शात, सोबा बुडवायच्या गार चटणीपाण्यात, तेम्पुराबरोबरच्या (जपानी भज्यांबरोबरच्या) वाटीत, उकडलेल्या भोपळ्या-गाजरात, इनारि सुशीच्या गोडसर टोफूच्या पिशवीत. तेम्पुरा 'नुसत्या भाज्यांचा' मागवलात तरी पिठात बहुधा अंडं असतं आणि कढईतलं तेल कोळंबीचंच. जपानी करी राइस दिसतो आपल्या रश्श्यासारखा, पण त्याच्या तयार वड्यांत बहुतेकदा गुरांची किंवा डुकराची चरबी असते. ओकोनोमियाकि (जपानी धिरडं), ताकोयाकि (ऑक्टोपसचे गोळे) यांच्या वाटेलाच जाऊ नका. अंडं, दाशि आणि वरून कीस असा तिहेरी मामला आहे. गरम पदार्थावर कागदाच्या कपट्यांसारखं काहीतरी वाफेने हलताना दिसलं, तर तो हाच कीस.

आता चूक कुठे होते ते बघा. पाहुणा सांगतो, 'आय ॲम व्हेजिटेरियन'. समोरचा मनापासून मान डोलावतो, मांसाचे तुकडे वेचून काढतो आणि तोच रस्सा आणून ठेवतो. यात फसवणूक नाही. तिथे 'निकु' म्हणजे जनावराचं मांस, मासा त्यात धरत नाहीत, आणि दाशि तर कुणी पदार्थातला घटक म्हणून मोजतच नाही, जसं आपण भाजीत फोडणीचं तेल आहे असं वेगळं सांगत नाही. म्हणून 'शाकाहारी' हा शब्द वापरूच नका. काय काय चालत नाही ते एकेक नाव घेऊन सांगा. पुण्यात जपानी शिकवणारे पुष्कळ आहेत. एखाद्या विद्यार्थ्याकडून ही वाक्यं जपानी लिपीत कार्डावर लिहून घ्या, चार प्रती काढा, एकेक जणाच्या पाकिटात ठेवा:

'निकु, साकाना, एबि, तामागो वा ताबेमासेन.' (मांस, मासे, कोळंबी, अंडं खात नाही.)
'साकाना नो दाशि मो ताबेरारेमासेन.' (माशाचं दाशिही चालत नाही.)
'कोम्बु दाशि वा दाइजोबु देस्.' (शेवाळाचं दाशि चालेल.)

तिसरी ओळ गाळू नका. नुसतं 'नको, नको' ऐकून आचारी गडबडतो. काय चालेल हे कळलं की त्याला हातात धरायला काहीतरी मिळतं. काउंटरवर विचारायचं तर 'साकाना नो दाशि वा हाइत्ते इमास् का?' म्हणजे यात माशाचं दाशि आहे का. आणि टोफूसाठी 'कात्सुओबुशि नुकि दे ओनेगाइशिमास्', कीस न घालता द्या. कार्ड दुपारी बाराच्या गर्दीत पुढे करू नका. साडेअकराला किंवा दीडनंतर जा. गर्दीच्या वेळी छोटं दुकान सरळ नाही म्हणतं, आणि ते नाही म्हणणं प्रामाणिकपणाचं असतं, राग मानू नये.

दुकानातली पाकिटं हा दुसरा सापळा. पाकिटामागे ॲलर्जीचा चौकोन असतो; अंडं, दूध, गहू, सोबा, शेंगदाणा, कोळंबी, खेकडा, अक्रोड असे घटक जाहीर करणं सक्तीचं आहे. लोक तो चौकोन बघतात, मासा दिसत नाही, निर्धास्त होतात. पण कात्सुओ या सक्तीच्या यादीतही नाही आणि ऐच्छिक यादीतही नाही. तो सापडेल तर लांबलचक घटकसूचीत. फोनमधल्या भाषांतराच्या ॲपने कॅमेरा तिथे धरा, जपानी भाषा आधी उतरवून ठेवा म्हणजे नेट नसलं तरी चालतं. 'कात्सुओ', 'पोर्क', 'चिकन', 'जिलेटिन' आणि 'एकिसु' म्हणजे अर्क, एवढे शब्द हुडका. बटाट्याच्या वेफर्समध्ये साधे मिठाचे घ्या; 'कोन्सोमे' चवीत कोंबडी किंवा डुकराचा अर्क असतो. उमेबोशिचा (खारवलेल्या आंबट फळाचा) ओनिगिरि (भाताचा मुटका) बिनधास्त असेल असं वाटतं, पण त्यातही कधीकधी कात्सुओचा अर्क निघतो, म्हणून प्रत्येक वेळी बघायचं.

मग खायचं काय? तसं बरंच आहे. टोकियो स्टेशनच्या फाटकांच्या आत 'टीज तानतान' आहे, तिथला रामेन (रश्श्यातल्या शेवया) संपूर्ण वनस्पतीजन्य, तिळाच्या दाट रश्श्याचा. 'कोको इचिबान्या' या करीच्या साखळीच्या अनेक शाखांत वेगळी व्हेजिटेरियन करी मिळते; दारातला मेन्यू बघूनच आत शिरा, कारण प्रत्येक शाखेत नसते. टोकियोत निशिकासाई भागात भारतीय वस्ती मोठी आहे, तिथे इडली-डोशापासून थाळीपर्यंत सगळं मिळतं आणि किराणाही. चौथ्या दिवशी सासऱ्यांचा चेहरा उतरला की तिकडे न्या. गल्लोगल्ली दिसणारी 'इंडो' पाटीची हॉटेलं बऱ्याचदा नेपाळी मंडळींची असतात. डाळ आणि नान तिथे हमखास मिळतं, आणि हिंदीत बोलून अंडं-मांस टाळता येतं ही मोठीच सोय.

गोड पदार्थांत तर सासूबाईंची चैन आहे. दाइफुकु (मोचीच्या, म्हणजे चिकट तांदळाच्या, पारीत घेवड्याचं गोड पुरण), योकान (गोड पुरणाची वडी), वाराबिमोचि (स्टार्चची मऊ वडी), हे तांदूळ, कडधान्यं, स्टार्च, साखर आणि कान्तेनवर चालतात. कान्तेन म्हणजे शेवाळाचं अगर-अगर, जिलेटिन नव्हे. दोरायाकि आणि कास्तेला हे केक मात्र अंड्याचे. हिवाळा संपत आला तरी मोठ्या दुकानांत भाजलेली रताळी, याकिइमो, मिळतात. नुसतं रताळं, काही न लावलेलं.

पण रोज एक जेवण घरच्यासारखं हवंच. टोकियो आणि क्योटोत छोटी ओट्याची खोली असलेलं अपार्टमेंट हॉटेल घ्या. सुपरमार्केटमध्ये शिजवलेल्या भाताची 200 ग्रॅमची पाकिटं मिळतात, कोपरा उचकटून मायक्रोवेव्हमध्ये 500 वॅटवर 2 मिनिटं. जोडीला साधं, बिनसाखरेचं दही (डब्यावर 'पुरेन' असतं, म्हणजे प्लेन, घटकांत फक्त दूध बघा). जपानी भात चिकट असतो, तो दह्यात असा मिळून येतो की आंबेमोहोराची आठवण व्हावी. वर पुण्याहून नेलेलं मेतकूट, लिंबाचं लोणचं. दहाव्या दिवसापर्यंत सासूबाई हेच मागतील.

नेताना एक गोष्ट ध्यानात ठेवा. थेपले, चिवडा, कोरड्या चटण्या, मेतकूट, चहाची पावडर चालते. ताजी फळं, भाज्या, कढीपत्ता, बी-बियाणं आणि कच्चा तांदूळ नेऊ नका. वनस्पती तपासणीच्या प्रमाणपत्राशिवाय ते विमानतळावर काढून घेतात, आणि कढीपत्ता लिंबाच्या कुळातला असल्याने त्यावर विशेष नजर असते. मांसाचं काही तुम्ही नेणारच नाही. सर्दीची गोळी मात्र तपासा: सुडोएफेड्रिन 10 टक्क्यांहून अधिक असलेलं औषध जपानात आणायला बंदी आहे. सासऱ्यांच्या बीपीच्या गोळ्या महिन्याभराच्या आत असतील तर वेगळा परवाना लागत नाही, तरी डॉक्टरांची चिठ्ठी आणि मूळ पाकीट जवळ असू द्या.

आणि हो, घरची इलेक्ट्रिक किटली किंवा छोटा कुकर नेऊ नका. तिथे वीज 100 व्होल्टची. आपली 230 व्होल्टची 1000 वॅटची किटली तिथे जेमतेम 190 वॅट ओढते, म्हणजे चहाच्या पाण्याला आधण येईपर्यंत तुमची गाडी चुकेल. हॉटेलात किटली असतेच. फोनचे चार्जर चालतात, फक्त दोन चपट्या पात्यांचा अडॅप्टर लागतो.

आता गावं. दहा रात्रींत सात गावं म्हणजे दर दीड दिवसाला बोचकी बांधायची, त्यातही साकुराच्या (चेरीच्या बहराच्या) ऐन गर्दीत. सासूबाईंच्या गुडघ्यांनी दोन दिवसांत संप पुकारला असता. आमचा कार्यक्रम असा: टोकियो चार रात्री, क्योटो चार, कोयासान एक, ओसाका एक, आणि परतीचं विमान ओसाकाच्या कान्साइ विमानतळावरून. टोकियोला उलट परतायचंच नाही. नारा क्योटोहून दिवसभरात होतं. हिरोशिमा, ताकायामा या खेपेला सोडा.

हा कार्यक्रम धरला तर पासची गोष्ट आपोआप निकालात निघते. ऑक्टोबर 2023 मध्ये सात दिवसांचा पास 29,650 येनवरून 50,000 येनवर गेला. टोकियो ते क्योटो शिन्कान्सेनचं (बुलेट ट्रेनचं) आरक्षित तिकीट साधारण 14,000 येन. टोकियोहून थेट हिरोशिमाला जाऊन परत आलात तरी सुमारे 40,000. तुमचा तर एकेरी प्रवास. चौघांचे प्रत्येकी तीस-पस्तीस हजार येन पाण्यात जातील. शिवाय पासवर सगळ्यात वेगवान 'नोझोमि'त बसायचं तर टोकियो-क्योटोला आणखी 4,960 येन भरावे लागतात. आणि कोयासानची गाडी नान्काइ या खासगी कंपनीची, तिथे हा पास चालतच नाही. सुटी तिकिटं घ्या. 'स्मार्टईएक्स' ॲपवर परदेशी कार्ड चालतं. कार्डावर आंतरराष्ट्रीय व्यवहार आधी चालू करून ठेवा. टोकियोहून निघताना उजव्या हाताची खिडकी, म्हणजे 'ई' क्रमांकाचं आसन मागा. सुटल्यावर चाळीसेक मिनिटांनी, आभाळ मोकळं असेल तर, फुजी त्या बाजूला दिसतो. सासऱ्यांना तिथे बसवा आणि त्या वेळी त्यांना डुलकी लागू देऊ नका.

बॅगांचा एक नियम आहे. लांबी, रुंदी, उंची मिळून 160 सेंमीच्या वर गेली तर त्या बॅगेसाठी खास जागेचं आसन आधी आरक्षित करावं लागतं, नाहीतर गाडीत 1,000 येन दंड. विमानाच्या नेहमीच्या 158 सेंमीच्या मर्यादेत बसणारी बॅग इथेही बसते, चाकं-दांडा धरून मोजा. पण नियमात बसली म्हणून वीस किलोची बॅग डोक्यावरच्या फळीवर कोण चढवणार? त्यापेक्षा 'ताक्युबिन' वापरा. सकाळी हॉटेलच्या काउंटरवर बॅगा द्यायच्या, पुढच्या हॉटेलचं नाव, पत्ता आणि आरक्षणाचं नाव लिहायचं. टोकियोची बॅग दुसऱ्या दिवशी क्योटोत पोहोचते. बॅगेमागे साधारण दोन-तीन हजार येन. मध्ये एक रात्र जाते, म्हणून गोळ्या, चार्जर आणि एक जोड कपडे पाठीवरच्या पिशवीत. क्योटोहून निघताना मोठ्या बॅगा थेट ओसाकाच्या हॉटेलला रवाना करा आणि डोंगरावर हलकेच जा.

कोयासान का, हे विचाराल. कारण तुमच्या सासू-सासऱ्यांना जवळजवळ डोळे मिटून जेवता येईल अशी ती जागा. कूकाई या भिक्षूने 816 साली त्या डोंगरावर शिंगोन पंथाचं पीठ उभं केलं. आज तिथे शंभरावर देवळं आहेत आणि त्यांतली सुमारे पन्नास यात्रेकरूंना राहायला खोल्या देतात. त्याला शुकुबो म्हणतात. जेवण 'शोजिन र्‍योरि': मांस-मासे नाहीत, दाशि कोम्बु आणि सुक्या शिताके अळंब्यांचं, आणि कांदा-लसूणही वर्ज्य. खोलीत छोट्या छोट्या लाखेच्या वाट्यांतून येतं: तिळाचा टोफू, गोठवून वाळवलेला कोया-दोफु, रानभाज्या, लोणचं. अंड्याचं मात्र आरक्षण करतानाच एकदा स्पष्ट विचारून घ्या. काही मठांत पहाटे 'गोमा' होतो. हा शब्द संस्कृत 'होम'वरूनच गेलाय, आणि अग्नी, समिधा, मंत्र बघून सासऱ्यांना कुणी सांगायची गरज पडणार नाही. गंमत म्हणजे तिळालाही जपानीत गोमाच म्हणतात, म्हणून 'गोमा-दोफु' मागवलात तर होम नव्हे, तिळाचा टोफू येईल.

ओकुनोइनच्या देवदारांतून कूकाईच्या समाधीकडे दोन किलोमीटरची वाट जाते. तो 835 पासून तिथे ध्यानस्थ आहे अशी श्रद्धा, म्हणून आजही त्याला दररोज सकाळी सहाला आणि साडेदहाला ताट नेतात. आळंदीला जाणाऱ्या माणसाला हे परकं वाटत नाही. गुडघ्यांसाठी पूर्ण वाट चालू नका; 'ओकुनोइन-माए' थांब्यापर्यंत बसने जा, तिथून अंतर निम्मं होतं. जायचं कसं: क्योटोहून ओसाका, तिथून नाम्बा, मग नान्काइने गोकुराकुबाशि, पाच मिनिटांची केबल कार, आणि वर बस. केबल कारच्या स्टेशनापासून गावाकडचा रस्ता फक्त बससाठी आहे, चालायला मनाई. एकूण तीन तास धरा. आणि संध्याकाळी पाचच्या आत पोहोचा, मठातलं जेवण साडेपाच-सहाला येतं, उशिरा येणाऱ्यासाठी थांबत नाही. डोंगर 800 मीटर उंच आहे. एप्रिलच्या सुरुवातीला रात्री पारा शून्याच्या आसपास उतरतो, थर्मल न्या. झोपणं जमिनीवरच्या फुतोनवर (गादीवर). सासूबाईंना खाली बसायला जमत नसेल तर आरक्षणातच 'इसु' म्हणजे खुर्ची मागा, बरेच मठ देतात.

मठात युकाता हा सुती झगा मिळतो. तो घालताना डावा पदर वर यायला हवा. उजवा वर फक्त मृताला नेसवतात, म्हणून कुणी पाहिलं तर धावत येऊन नीट करून देईल. तसंच भातात काड्या उभ्या रोवू नका आणि काडीवरून काडीवर घास देऊ नका. दोन्ही तिथे अंत्यविधीतल्या गोष्टी. काकस्पर्शाला ठेवलेल्या पानासारखं पान कुणी जेवणाच्या टेबलावर मांडलं तर आपल्याला कसं वाटेल, तसं.

अंघोळीचं. सासूबाईंची भीती खरी आहे: सामायिक ओन्सेनमध्ये (गरम झऱ्याच्या स्नानगृहात) पोहायचा पोशाखही चालत नाही. बायका-पुरुष वेगळे असतात, पडदा निळा पुरुषांचा, लाल बायकांचा, पण काही ठिकाणी सकाळ-संध्याकाळ बाजू बदलतात, म्हणून रोज पडदा बघून आत. पण कुणावर सक्ती नाही. 'काशिकिरि बुरो' म्हणजे तासाभरासाठी आतून कडी लावायचं खासगी स्नानघर. सासूबाई आणि तुम्ही दोघीच जाऊ शकता. ते हवंच असेल तर टोकियोची एक रात्र कमी करून हाकोनेला तशी सोय असलेली खोली घ्या, क्योटोच्या वाटेवरच आहे. मठांतली स्नानगृहंही बहुधा सामायिक, तिथे खोलीला जोडून न्हाणीघर असेल तर तीच खोली मागा.

रीत अशी. आधी बुटक्या स्टुलावर बसून साबणाने अंग पूर्ण धुवायचं, फेसाचा कण राहता कामा नये. केस वर बांधायचे. छोटा टॉवेल पाण्यात बुडवायचा नाही, डोक्यावर किंवा काठावर ठेवायचा. पाणी 40 ते 42 अंश, आपल्या बादलीतल्या कढतपेक्षा चढं नसेल, पण आपण बादलीत बसत नाही, इथे गळ्यापर्यंत बसतो. सासऱ्यांनी म्हणूनच आधी पायांवर, मग खांद्यांवर पाणी ओतून घ्यावं, तीन-चार मिनिटं छातीखालीच बुडावं, आणि उठताना कठडा धरून सावकाश. झटकन उभं राहिलं की बीपीची गोळी घेणाऱ्याला भोवळ येऊ शकते. जेवणानंतर लगेच आणि दारू घेतल्यावर मुळीच नाही.

हे सगळं नको असेल तर क्योटोत आराशियामाला रान्देन ट्रामच्या स्टेशनवर फलाटालाच लागून पाय बुडवायचं गरम पाण्याचं टाकं आहे. थोडे पैसे देऊन टॉवेलसकट मिळतं. बांबूवन चालून आल्यावर सासूबाईंना तिथे वीस मिनिटं बसवा. साडीचा काठ तेवढा वर खोचायचा.

क्योटोत चालण्यावर ताबा ठेवा. फुशिमि इनारिच्या डोंगराची पूर्ण फेरी दोन-तीन तासांची आणि पायऱ्यांची. पण तोरीइंच्या (लाल कमानींच्या) दाट रांगा पायथ्यापासून दहा मिनिटांत सुरू होतात. तिथपर्यंत जाऊन मागे फिरा. देऊळ रात्रंदिवस उघडं, तिकीट नाही, सकाळी सातच्या आत गर्दीही नाही. कियोमिझु-देरा पहाटे सहाला उघडतं, तिथेही लवकर जा. शहरातली बस 230 येन, म्हणजे चौघांचे 920. जवळच्या अंतराला टॅक्सी जवळजवळ तेवढीच पडते, जिना नाही, रांग नाही. टॅक्सीचं दार आपोआप उघडतं आणि मिटतं, हात लावू नका. गिओनच्या खासगी गल्ल्यांत 10,000 येन दंडाची पाटी असते, ती केवळ शोभेची नाही समजून चालावं.

सासू-सासऱ्यांना 'देवळं सगळी सारखीच' असं तिसऱ्या दिवशी वाटू लागेल. त्यावर उपाय म्हणजे ओळखीचे देव शोधणं. टोकियोत उएनोच्या तळ्यातल्या बेटावर बेन्झाइतेन आहे, म्हणजे सरस्वती. जपानात तिच्या हातात वीणेऐवजी बहुधा बिवा हे तंतुवाद्य असतं, आणि तुमच्या तारखांना काठावर साकुरा. आसाकुसाजवळ मात्सुचियामा शोदेनमध्ये कांगितेन, म्हणजे गणपती. मूर्ती दाखवत नाहीत, गुप्त असते, आणि नैवेद्य मुळ्याचा. अख्खा पांढरा मुळा विकत घेऊन वाहायचा. मोदक हवा असेल तर क्योटोत गिओनमध्ये 'कामेया कियोनागा'त 'कांगिदान' मिळतं: घेवड्याचं पुरण, त्यात सात सुगंधी द्रव्यं, वर पातळ पारी, तोंडाशी चुणीदार, तिळाच्या तेलात तळलेलं. पहिल्या घासाला दालचिनी आणि देवघरातल्या धुपासारखा वास नाकात जातो. कडक असतं, कवळी असेल तर तुकडा करून द्या.

नाराच्या तोदाइजीतला बुद्ध सुमारे 15 मीटर उंच, आणि 752 साली त्याचे डोळे उघडण्याच्या सोहळ्यात कुंचला धरला तो भारतातून गेलेल्या बोधिसेन नावाच्या भिक्षूने. हरणांना बिस्किटं द्यायची तर घेतल्याबरोबर देऊन टाका, मागे लपवून खेळवलं की ती चावतात; संपल्यावर दोन्ही रिकामे तळहात दाखवा. पदर, नकाशा, तिकीट, सगळं खातात.

पैशांचं थोडक्यात. सेव्हन-इलेव्हनमधल्या एटीएमवर परदेशी कार्ड चालतं. टिप देऊ नका, मागे धावत आणून देतात. इझाकायात (दारू-खाण्याच्या गुत्त्यात) बसल्याबरोबर न मागता एक छोटी वाटी येते, ओतोशि. तिचे तीनशे-पाचशे येन माणशी लागतात आणि तिच्यात बहुधा मासाच असतो, त्यामुळे सासू-सासऱ्यांना घेऊन तिथे न शिरलेलंच बरं. कचऱ्याचे डबे रस्त्यावर जवळजवळ नाहीत, पिशवी जवळ ठेवा.

टोकियोच्या विमानतळावर चौघांना चार 'वेलकम सुइका' कार्डं (ट्रेन-बसला टेकवायची, आधी पैसे भरलेली) घ्या. अनामत नाही, 28 दिवस चालतं, रोख टाकून भरायचं. क्योटो-ओसाकातही तेच टेकवायचं. फक्त टोकियोत टेकवून आत शिरायचं आणि क्योटोत टेकवून बाहेर पडायचं असं होत नाही, शिन्कान्सेनचं तिकीट वेगळंच. या कार्डात उरलेले पैसे परत मिळत नाहीत, म्हणून शेवटच्या दोन दिवसांत हजार-हजार येनच भरा, आणि जे उरेल त्याची कान्साइ विमानतळावरच्या दुकानात योकानची पाकिटं घ्या. तेवढ्यापुरते येन कमी पडले तर फरक रोखीने घेतात.